अफूपासून मिळणारं मॉर्फिन हार्ट अटॅकमध्ये हृदय वाचवू शकतं का?

हार्ट अटॅक आलेल्या माणसाला छातीत काय होतं असं विचारलं, तर बरेच जण सांगतात की छातीवर कुणीतरी मोठा दगड ठेवल्यासारखं वाटतं. ही वेदना थांबवायला डॉक्टरांच्या हाताशी असलेलं एक जुनं औषध म्हणजे मॉर्फिन. अफूच्या बोंडाला चीर दिली की जो चीक बाहेर येतो, त्यातून ते मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्टर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने ते अफूतून वेगळं काढलं आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस याच्यावरून त्याचं नाव पडलं.

वेदना थांबवणं एवढंच मॉर्फिनचं काम, असं बराच काळ मानलं जात होतं. १९९०च्या दशकात मात्र अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत वेगळीच गोष्ट दिसली. उंदरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा तोडण्याआधी त्यांना मॉर्फिन दिलं, तर हृदयाचा कमी भाग मरत होता. म्हणजे हे औषध दुखणं दाबण्याबरोबर हृदयाच्या स्नायूलाही वाचवत होतं.

मग प्रत्येक हार्ट अटॅकच्या रुग्णाला मॉर्फिन का देत नाहीत? उलट गेल्या काही वर्षांत डॉक्टर ते जरा जपूनच का देऊ लागले?

हार्ट अटॅकमध्ये नेमकं काय मरतं?

हृदय दिवसरात्र रक्त पंप करतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. त्यातल्या एखादीत रक्ताची गुठळी अडकली की तिच्या पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो. साधारण २० ते ३० मिनिटांनंतर तिथल्या पेशी मरायला लागतात. आधी हृदयाच्या आतल्या बाजूच्या, मग हळूहळू बाहेरच्या बाजूच्या. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्या जागी व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही, त्यामुळे पंपाची ताकद कायमची कमी होते. अटॅकमधून वाचलेल्या काही जणांना पुढे जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

उपाय उघड आहे. गुठळी लवकरात लवकर काढा, रक्त पुन्हा सुरू करा. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवतात ते यासाठीच. पण इथे एक विचित्र अडचण आहे. रक्त परत येतं, त्या क्षणीही काही नुकसान होतं.

शेतात मोटर असलेल्यांना हे लगेच कळेल. लोडशेडिंगनंतर वीज परत येते ती कधी कधी एकदम जास्त दाबाने येते आणि मोटर जळते. हृदयात साधारण असंच घडतं. ऑक्सिजनअभावी बिघडलेल्या पेशीत रक्त आणि ऑक्सिजन अचानक परत आले की घातक ऑक्सिजन-कण तयार होतात, कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात एक छिद्र उघडतं. हे छिद्र उघडं राहिलं की पेशी संपली. रक्तपुरवठा तुटण्याचं नुकसान आणि तो परत येण्याचं नुकसान, दोन्ही मिळून व्रणाचा आकार ठरतो.

पहिलं नुकसान कमी करण्याचा मार्ग म्हणजे वेळेत हॉस्पिटल गाठणं. दुसऱ्या नुकसानावर मात्र आजही खात्रीचं औषध नाही, आणि मॉर्फिनबद्दलची उत्सुकता तिथूनच सुरू होते.

कुत्र्यांवरचा एक प्रयोग

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्स आणि कीथ रायमर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांच्या एका गटात त्यांनी हृदयाची एक धमनी सलग ४० मिनिटं बंद ठेवली. दुसऱ्या गटात त्याआधी तीच धमनी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद केली, मध्ये पाच-पाच मिनिटं रक्त सोडलं आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली.

दुसऱ्या गटाच्या हृदयाने एकूण जास्त वेळ उपासमार सोसली होती, तेव्हा नुकसानही जास्त व्हायला हवं होतं. झालं उलटं. पहिल्या गटात धोक्यातल्या स्नायूचा सुमारे २९ टक्के भाग मेला होता, दुसऱ्या गटात सुमारे ७ टक्के. छोटे छोटे झटके सोसलेलं हृदय मोठ्या झटक्यासाठी तयार झालं होतं. या तयारीला प्रीकंडिशनिंग असं नाव मिळालं.

याच शोधनिबंधातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. धमनी ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली, तेव्हा हा फायदा दिसला नाही. म्हणजे प्रीकंडिशनिंग पेशीला अमर करत नाही, मरणं फक्त थोडं लांबवतं. रक्त वेळेत परत आलं तरच त्याचा उपयोग.

माणसांतही याच्याशी जुळणारी निरीक्षणं आहेत. अटॅकच्या आधीच्या एक-दोन दिवसांत छातीत थोडं थोडं दुखून गेलेल्या काही रुग्णांमध्ये हृदयाचं नुकसान तुलनेने कमी आढळलं. (अर्थात म्हणून असं दुखणं अंगावर काढायचं नसतं. तो धोक्याचा इशारा आहे.)

शरीराचं स्वतःचं मॉर्फिन

पाच मिनिटांच्या झटक्यानंतर हृदयाला "सावध हो" हा निरोप कोण देतं? शोध घेतल्यावर अनेक रसायनं सापडली आणि त्यात ओपिऑइडही निघाले.

ओपिऑइड म्हणजे अफूसारखं काम करणारे पदार्थ. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही सगळी औषधं याच कुळातली. १९७३मध्ये मेंदूत यांच्यासाठी खास रिसेप्टर असल्याचं सिद्ध झालं. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, त्यात ठरावीक किल्लीच बसते. पण माणसाच्या शरीरात अफूच्या झाडाच्या किल्लीचं कुलूप कशाला असेल? उत्तर १९७५मध्ये स्कॉटलंडच्या अॅबरडीनमध्ये मिळालं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे शरीरात तयार होणारं ओपिऑइड शोधून काढलं. कुलूप मुळात शरीराच्या स्वतःच्या किल्लीसाठी होतं, अफूची किल्ली त्यात योगायोगाने बसते.

या कुलपांचे मुख्य तीन प्रकार आहेत: म्यू, डेल्टा आणि कप्पा. वेदना थांबवणं, नशा, श्वास मंदावणं, बद्धकोष्ठता ही मॉर्फिनची ओळखीची कामं मुख्यतः म्यूमधून होतात. हृदयाच्या गोष्टीत महत्त्वाचं ठरलं ते डेल्टा. हृदयाच्या पेशी स्वतः एन्केफॅलिन बनवू शकतात, हेही पुढे कळलं.

विस्कॉन्सिन मेडिकल कॉलेजमध्ये गॅरेट ग्रॉस, जो एल शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये साधी युक्ती वापरली. त्यांनी उंदरांना छोटे झटके देऊन प्रीकंडिशनिंग केलं, पण काहींना नॅलॉक्सोनही दिलं. अफूजन्य औषधांचा ओव्हरडोस झाला की जीव वाचवायला हेच इंजेक्शन देतात, कारण ते ओपिऑइडची कुलपं अडवून ठेवतं. नॅलॉक्सोन दिलेल्या उंदरांत प्रीकंडिशनिंगचा फायदा नाहीसा झाला. हृदयाच्या बचावात शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडचा हात होता.

पुढच्याच वर्षी त्यांनी प्रयोग उलटा केला. छोटे झटके दिलेच नाहीत, त्याऐवजी मॉर्फिन दिलं. तरी हृदयाचा मेलेला भाग बराच कमी झाला. मग मधुमेहाच्या जुन्या गोळीतलं ग्लिबेनक्लामाइड हे औषध दिल्यावर मॉर्फिनचा हा परिणाम पुसला गेला. ग्लिबेनक्लामाइड पेशीतल्या एका पोटॅशियमच्या दाराला बंद करतं. त्यावरून मॉर्फिनचा निरोप त्या दारातून जातो हे समजलं. (ही उंदरांवरची गोष्ट आहे. यावरून कुणीही आपली मधुमेहाची गोळी बंद करू नये.)

आज जे चित्र मांडलं जातं ते थोडक्यात असं. ओपिऑइड डेल्टा कुलपात बसतं, पेशीच्या आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात, मायटोकॉन्ड्रियाशी जोडलेलं पोटॅशियमचं दार उघडतं आणि रक्त परत येण्याच्या त्या नाजूक क्षणी ते घातक छिद्र उघडायचं टळतं. मोटर जळू नये म्हणून आधीच स्टॅबिलायझर लावल्यासारखं.

२०००मध्ये लंडनच्या डेरेक येलन यांच्या गटाने ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या मानवी हृदयाच्या छोट्या तुकड्यांवर हेच तपासलं. डेल्टा कुलूप चालू करणारा पदार्थ दिल्यावर त्या तुकड्यांनी ऑक्सिजनचा तुटवडा जास्त चांगला सोसला. म्हणजे ही यंत्रणा फक्त उंदरांची नव्हे, माणसाचीही आहे.

मग रुग्णांमध्ये काय झालं?

इथून पुढे गोष्ट सरळ राहत नाही.

बायपाससारख्या ऑपरेशनमध्ये हृदयाला कधी त्रास होणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे औषध आधी देता येतं. हाँगकाँगमधल्या एका छोट्या चाचणीत बायपासच्या वेळी रेमिफेंटानिल हे ओपिऑइड दिलेल्या रुग्णांच्या रक्तात हृदयाच्या इजेची खूण असलेली रसायनं कमी आढळली. हे उत्साहवर्धक होतं.

हार्ट अटॅक मात्र वेळ सांगून येत नाही. रुग्ण पोचतो तेव्हा धमनी बंद होऊन तास-दोन तास झालेले असतात. ग्रीसमधल्या एका चाचणीत अँजिओप्लास्टीच्या वेळी दंडावर बीपीचा पट्टा फुगवून-सोडून हाताला छोटे झटके दिले, म्हणजे दूरवरून प्रीकंडिशनिंगचा प्रयत्न केला. त्याच्या जोडीला मॉर्फिन दिल्यावर ईसीजीमधली सुधारणा आणखी चांगली दिसली. पण २०१९मध्ये युरोपात ५,४०० रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या पट्ट्याचा काहीच फायदा दिसला नाही. फ्रान्समध्ये तर मॉर्फिन थेट हृदयाच्या धमनीत सोडून पाहिलं, तरी मेलेल्या स्नायूचा आकार कमी झाला नाही.

उंदरांत चालतं ते माणसांत का चालत नाही? याचं एक उत्तर ग्रॉस यांच्या गटाच्याच नंतरच्या कामात आहे. वयस्क उंदरांत मॉर्फिनचं हे संरक्षण मिळेना. मधुमेह असलेल्या उंदरांतही मिळेना. प्रयोगशाळेतला नेहमीचा उंदीर तरुण आणि निरोगी असतो. हार्ट अटॅकचा रुग्ण बहुधा वयाने मोठा असतो, त्याला मधुमेह, बीपी असतं, तो आधीच चार गोळ्या घेत असतो. भारतात मधुमेहाचं प्रमाण पाहता हा मुद्दा आपल्याकडे आणखीच लागू पडतो.

वेळेचाही प्रश्न आहे. उंदराला औषध धमनी बंद करण्याच्या आधी मिळतं, रुग्णाला ते धमनी बंद झाल्यावर मिळतं.

पोटात अडकलेली गोळी

२००५मध्ये अमेरिकेतल्या ५७,०३९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण धमनी पूर्ण बंद न झालेल्या प्रकारच्या अटॅकचे किंवा तशा त्रासाचे होते. त्यातल्या सुमारे ३० टक्के जणांना पहिल्या २४ तासांत मॉर्फिन दिलं होतं. वय, इतर आजार असे फरक हिशोबात घेऊनही मॉर्फिन मिळालेल्यांत मृत्यूची शक्यता जवळपास दीडपट दिसली.

याचा अर्थ मॉर्फिनने माणसं मेली असा लगेच काढता येत नाही. ज्याला जास्त दुखतं त्याला मॉर्फिन मिळतं, आणि ज्याला जास्त दुखतं त्याचा अटॅकही मोठा असू शकतो. पुढे फ्रान्समधल्या नोंदींत, धमनी पूर्ण बंद झालेल्या रुग्णांना अँब्युलन्समध्ये मॉर्फिन दिल्याने नुकसान झाल्याचं आढळलं नाही. पण शंका उभी राहिली ती राहिलीच, आणि तिच्यामागचं एक कारण नंतर पक्कं सापडलं.

अफू खाणाऱ्याला बद्धकोष्ठता होते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही माहीत होतं. ओपिऑइड पोट आणि आतड्यांची हालचाल मंदावतात. हार्ट अटॅकमध्ये गुठळी वाढू नये म्हणून ज्या गोळ्या तातडीने देतात, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, त्या पोटातून आतड्यात जाऊन रक्तात उतरायला हव्यात. मॉर्फिनमुळे त्या पोटातच रेंगाळतात, आणि उलटी झाली तर बाहेरच पडतात.

२०१६मध्ये पोलंडमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हे मोजलं गेलं. निम्म्यांना मॉर्फिन, निम्म्यांना खोटं औषध, दोघांनाही टिकाग्रेलॉर. मॉर्फिनच्या गटात रक्तात पोचलेलं टिकाग्रेलॉर ३६ टक्क्यांनी कमी निघालं आणि ते कमाल पातळीवर पोचायला दोनऐवजी चार तास लागले. फेंटानिलनेही असाच उशीर होतो. ताजा स्टेंट बसवलेल्या माणसासाठी हे दोन तास लहान नाहीत. त्या काळात स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होण्याची भीती असते.

एकच औषध एका हाताने पेशीला स्टॅबिलायझर देत असेल आणि दुसऱ्या हाताने गुठळीवरची गोळी अडवत असेल, तर शेवटी हिशोब काय निघतो? आजवरच्या चाचण्यांत तरी फायद्याचं पारडं जड झालेलं नाही. २०१७मध्ये युरोपियन हृदयरोग संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत मॉर्फिनची शिफारस एक पायरी खाली आणली. "द्यावंच" याऐवजी "देण्याचा विचार करावा".

वैद्यकीय विद्यार्थ्यांना पूर्वी 'मोना' हे सूत्र पाठ करायला लावत: मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, अॅस्पिरिन. त्यातल्या ऑक्सिजनचंही असंच झालं. रक्तातलं प्रमाण चांगलं असेल तर तो सरसकट देऊन फायदा नाही, हे २०१७मध्ये स्वीडनमधल्या ६,६०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसलं. चौघांपैकी अॅस्पिरिनची जागा मात्र पक्की आहे.

अफू खाल्ली तर हृदय सुरक्षित राहतं का?

"अफूने हृदय वाचतं" असा मथळा फोनवर फिरायला वेळ लागत नाही, म्हणून हे वेगळं सांगायला हवं.

अफू हृदयाला चांगली असा समज इराणमध्ये जुना आहे. तिथल्या गोलेस्तान प्रांतात ४० ते ७५ वयाच्या ५०,०४५ लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातले सुमारे १७ टक्के अफू घेणारे होते. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अफू घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा ८६ टक्क्यांनी जास्त होता. हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने होणारे मृत्यूही कमी नव्हते, तेही जवळपास दुप्पट होते. धूम्रपान, वय, गरिबी यांचा हिशोब केल्यावरचे हे आकडे आहेत.

प्रयोगशाळेत नेमक्या वेळी, मोजून, शिरेतून दिलेलं मॉर्फिन आणि रोज खाल्लेली अफू यात असा फरक पडतो. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. त्या पट्ट्यात पाहुण्यांपुढे अफू ठेवण्याची जुनी रीतही आहे. परवान्याबाहेर अफू बाळगणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि खसखस? अनारशावर लावतो ती खसखस याच झाडाचं बी. मॉर्फिन बियांत नसतं, बोंडाच्या चिकात असतं. बियांना लागलेला त्याचा अंश इतका किरकोळ की हृदयाला ना त्याचा उपयोग, ना अपाय.

सध्या काय चालू आहे?

संशोधक दोन बाजूंनी प्रयत्न करत आहेत. एक, फक्त डेल्टा कुलपात बसेल, नशा आणणार नाही, पोट अडवणार नाही असं रसायन शोधणं. अशी रसायनं प्राण्यांवर तपासली गेली आहेत, पण हृदयासाठी त्यातलं एकही अजून औषधाच्या दुकानात पोचलेलं नाही. उंदरांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात अगदी थोडं मॉर्फिन दिल्यावरही हृदय वाचतं असं दिसलं आहे, म्हणजे निरोप नसांमधूनही जात असावा. तोही धागा तपासला जातोय. दोन, मॉर्फिन द्यावंच लागलं तर गोळीची अडचण टाळणं. टिकाग्रेलॉर कुटून पाण्यातून देणं किंवा शिरेतून देता येणारं कँग्रेलॉर वापरणं हे पर्याय त्यासाठी आहेत.

मॉर्फिन हॉस्पिटलमधून हद्दपार झालेलं नाही. असह्य वेदनेत शरीरात अॅड्रेनालिन वाढतं, नाडी आणि बीपी चढतं, आधीच उपाशी असलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. नायट्रेटनेही दुखणं थांबत नसेल तर डॉक्टर शिरेतून थोडं थोडं मॉर्फिन देतात, श्वासावर लक्ष ठेवतात आणि नॅलॉक्सोन हाताशी ठेवतात. पेंटाझोसिन हे गावाकडच्या दवाखान्यांतही मिळणारं वेदनाशामक इंजेक्शन मात्र ओपिऑइड असूनही हार्ट अटॅकमध्ये टाळतात, कारण ते बीपी आणि हृदयावरचं ओझं वाढवतं.

घरी छातीत असं दुखू लागलं, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाऊ लागलं, तर दुखणं थांबतं का याची वाट न बघता १०८ला फोन करायचा. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची अॅस्पिरिन चावून खायला सांगतात, गिळायला नाही, म्हणजे ती लवकर रक्तात उतरते. आधी कुठली वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर ते हॉस्पिटलमध्ये पोचताच सांगायचं. विशेषतः ते ट्रामाडॉलसारखं अफूच्या कुळातलं असेल तर, कारण त्यानंतर दिलेली गोळी पोटात किती वेळ अडकेल याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच बांधता येतो.